देवी काढणे, टोचणे, घेणे

देवगड परिसरातील साठी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावर आजही दोन-चार खोलगट व्रण दिसतात. त्याविषयी विचारले असता 'लस घेतली होती' असे उत्तर सहसा येत नाही; 'देवी काढल्या होत्या' असे येते. आमच्या पिढीच्या दंडावरील व्रण क्षयप्रतिबंधक बीसीजीचा आहे आणि हा वाक्प्रयोग आमच्या तोंडी उरलेला नाही. लसीकरणाचा इतिहास सरकारी अहवालांत जसा नोंदला गेला, तसा तो मराठी क्रियापदांतही साठला आहे, असे आम्हांस वाटते.

'काढणे' या क्रियापदाचे दोन अर्थ येथे एकत्र आलेले दिसतात. एक बाहेर काढण्याचा, दुसरा चित्र काढावे तसा उमटवण्याचा. देवी हा रोग देवतेच्या नावानेच ओळखला जाई. त्या अंगावर 'येत'. त्या येण्याआधीच दंडावर दोन फोड उमटवून देवीचे देणे चुकते करावे, ही समजूत या शब्दांतून डोकावते. परकी वैद्यकक्रिया लोकांनी आपल्या श्रद्धेच्या व्याकरणात बसवली, आणि ती राबवणारा सरकारी माणूसही 'देवी डॉक्टर' झाला. हिंदीने याच क्रियेसाठी 'टीका' हा शब्द स्वीकारला. मराठीत तो ग्रंथावरील भाष्यासाठी आणि दोषदिग्दर्शनासाठी राहिला. 'लस' हा शब्द मात्र शरीरातूनच आला. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला आपण आजही लसच म्हणतो.

या शब्दामागे प्रत्यक्ष व्यवहार होता. बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईत पोहोचलेली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली; भारतातील ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरील फोडातील द्रव पुढे इतरांना टोचला गेला. एका मुलाच्या अंगातील लस दुसऱ्याच्या अंगात जाण्याची ही 'दंडाकडून दंडाकडे' पद्धत सोवळेओवळे पाळणाऱ्या समाजाला सहज मानवणारी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांपासून काढलेली लस रूढ होऊ लागली, तेव्हा ही अडचण कमी झाली. स्वातंत्र्योत्तर काळात देशात देवीची लस तयार करणाऱ्या चार संस्थांपैकी एक घाटापलीकडे बेळगावात होती.

सक्तीही याच काळात आली. मुंबई शहरासाठी १८७७ चा आणि इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ चा कायदा झाला. जगात अन्यत्रही असेच घडत होते. इंग्लंडने १८५३ मध्ये बालकांना देवीची लस सक्तीची केली. तेथील विरोध इतका वाढला की १८९८ मध्ये सदसद्विवेकाच्या आधारे सूट द्यावी लागली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी लस अनिवार्य केली.

दुसरे क्रियापद प्लेगच्या काळात ठळक झाले. १८९६ मध्ये मुंबईत साथ उसळली आणि चाकरमानी मोठ्या संख्येने कोकणात परतू लागले. देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि मुंबईशी त्याचा संबंध मुख्यतः समुद्रमार्गे होता. माणसांबरोबर साथीचे भयही बंदरावर उतरत असणार. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. 'टोचले' आणि 'टोचून घेतले' यांतील अंतर व्याकरणाच्या शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. घरझडत्या आणि बळजबरी यांचा शेवट पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाला. उपाय योग्य असला तरी तो लादण्याची रीत अविश्वास पेरते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. १९७८ मध्ये विस्तारित आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. पोलिओचे थेंब 'पाजले' जाऊ लागले आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. आज दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते. शाळाप्रवेशासाठी लसीकरण सक्तीचे करणारा देशव्यापी कायदा मात्र आपल्याकडे नाही. म्हणूनच २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रातील शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा अफवांना उत्तर देण्याचे काम शिक्षकांकडे आले. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांमधील याच मोहिमेबाबत पालकांच्या संमतीचा आग्रह धरला. कोविडच्या संदर्भात २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, कोणावर लस लादता येणार नाही, असे सांगितले.

आज आपण लस 'घेतो'. या क्रियापदात कर्ता आपण आहोत. ते खरे ठरायचे असेल, तर घेणाऱ्याला ती का घ्यायची हे कळले पाहिजे. देवीच्या काळातील समाजाने निदान आपल्या भाषेत त्या क्रियेचा अर्थ लावला होता. आज शाळेतून घरी जाणाऱ्या संमतिपत्राची भाषा पालकाला कळते का, हे पाहण्याची जबाबदारी भाषेच्या अध्यापकांनी परकी मानू नये.