कव आणि अहवाल: डहाणू-तलासरीच्या मत्स्य-अधिवासांच्या अभ्यासाचा इतिहास

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यातील शिलालेखात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ज्या नद्यांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नौकांची सोय केली, त्यांत दमण आणि तापी यांच्या जोडीने ‘दाहनुका’ हे नाव येते, आणि ही दाहनुका म्हणजे आजची डहाणूची खाडी असे अभ्यासक मानतात. पाण्यात काय राहते याविषयी शिलालेखाला काही सांगायचे नाही. त्याचा विषय पाणी ओलांडणे एवढाच आहे. पुढे पोर्तुगीज आले, 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणूचा किल्ला मराठ्यांकडे आला आणि कालांतराने इंग्रजी अंमल बसला, परंतु राज्यकर्त्यांच्या कागदांत हा किनारा प्रामुख्याने ठाणे, बंदर आणि महसूल या रूपांतच राहिला. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने मासळी व मच्छीमार यांची दखल घेतली खरी, पण तीही जिल्ह्याच्या उत्पन्नाची बाब म्हणून.

मासा कोठे, केव्हा आणि का सापडतो, म्हणजे आजच्या परिभाषेत त्याचा ‘अधिवास’ कोणता, हे ज्ञान मांगेला, वैती आदी मच्छीमार समाजांकडे होते आणि त्याचे सर्वांत नेमके रूप ‘कव’ या शब्दात साठले आहे. डोल हे पिशवीच्या आकाराचे जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खांबांना बांधले जाते; त्याचे तोंड प्रवाहाकडे असते, भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, करंदी आणि जवळा त्यात शिरतात आणि प्रवाह मंदावला की जाळे उपसले जाते. या खांबांची जागा म्हणजे कव. ती निवडायची तर पाण्याची खोली, तळाचा चिखल, उधाणाचा जोर आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीची, गती हे सारे एकत्र ठाऊक असावे लागते, आणि म्हणूनच कवींच्या हद्दींवरून डहाणू-पालघरकडील व वसईकडील मच्छीमारांत वर्षानुवर्षे तंटे झाले. एखाद्या जागेसाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भांडतात तेव्हा ती जागा त्यांनी मोजलेली असते. तिचा नकाशा कागदावर नव्हता, एवढेच.

शास्त्राची वाट वेगळी होती, कारण त्याने आधी माशाला नाव दिले आणि त्याच्या घराचा शोध नंतर घेतला. बोंबलाचे शास्त्रीय वर्णन हॅमिल्टनने 1822 मध्ये केले, तेही गंगेच्या मुखाकडील माशांवरून. 1947 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने 1970 मध्ये एस. व्ही. बापट यांची बोंबलावरील पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा या माशाचा जीवनक्रम एका ठिकाणी मांडला गेला. दरम्यान 1960 मध्ये राज्यपुनर्रचनेत उंबरगाव गुजरातेत गेले आणि झाई या गावापाशी तलासरीचा किनारा संपू लागला. माशांना मात्र ही सीमा नाही: 2023 मध्ये गुजरातने घोळ आणि महाराष्ट्राने पापलेट यांना राज्यमासा ठरवले, पण दोन्ही मासे दोन्ही राज्यांच्या जाळ्यांत येतात.

डहाणूच्या खाडीकडे पद्धतशीर लक्ष वळले ते वादामुळे. 500 मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राला 1989 मध्ये केंद्राची पर्यावरणविषयक परवानगी मिळाली आणि यंत्रे थंड करण्यासाठी घेतलेले पाणी कोमट होऊन परतल्यावर तिवरांच्या मुळांशी वाढणाऱ्या माशांच्या पिलांचे काय होईल, हा प्रश्न पुढे आला. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अहवालाचा आधार घेऊन निकाल दिला, आणि त्यानुसार न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्राधिकरणाने 1998 मध्ये याच तालुक्यातील वाढवण येथील प्रस्तावित बंदराला मनाई केली. न्यायालयासाठी केलेली पाहणी मोलाची असते, परंतु ती विचारलेल्या प्रश्नापाशी थांबते.

पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, म्हणजे पदवी मिळवलेल्या अभ्यासकाने सहसा दोन-तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर केलेल्या स्वतंत्र कामाची, उपयुक्तता त्या प्रश्नापलीकडे जाण्यात आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. क्षारता, गाळाच्या कणांचा आकार, बारीक जाळीने गोळा केलेली अंडी व पिले यांची मोजणी दोन वर्षांत होऊ शकते. पण एखाद्या वर्षी पापलेट घटले ते पावसाच्या लहरीमुळे, अतिमासेमारीमुळे की बांधकामामुळे, हे इतक्या अल्प काळात वेगळे करता येत नाही, कारण त्यासाठी बांधकामापूर्वीची दीर्घ नोंद लागते. वाढवणचा प्रश्न आता याच नोंदीवर येऊन ठेपला आहे. जुलै 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला संमती दिली, 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 76,200 कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. योजनेत समुद्रात 1,448 हेक्टर भराव आणि 10.14 किलोमीटर लांबीची लाटारोधक भिंत आहे. तेवढी भिंत उभी राहिल्यावर प्रवाहाची दिशा आणि गाळ बसण्याची जागा पूर्वीचीच राहील असे समजणे धाडसाचे ठरेल, आणि डोल तर सर्वस्वी प्रवाहावर चालते. म्हणून वरोरपासून झाईपर्यंतच्या प्रत्येक कवीचे नाव, खोली, तळ आणि हंगाम ही माहिती जुन्या तांडेलांच्या, म्हणजे नौकाप्रमुखांच्या, तोंडून उतरवून घेण्याचे काम विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी भराव पूर्ण होण्याआधी हाती घ्यावे.