डोक्यापासून पायापर्यंत : जपानच्या अंध मर्दनकारांची चारशे वर्षे

(धागा)

१. ३० ऑक्टोबर २००८. मालिशचा व्यवसाय केवळ दृष्टिहीनांसाठी राखून ठेवणे घटनेला धरून आहे, असा निर्णय दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने दिला. दुसऱ्याच दिवशी तैवानच्या घटनात्मक न्यायाधीशांनी नेमका उलट कौल दिला. प्रश्न एकच, उत्तरे दोन. या दोन्ही भूमींवर एकेकाळी जपानचे राज्य होते आणि या प्रश्नाचे मूळही जपानातच सापडते. आज त्याचा मागोवा घेऊ.

२. जपानमध्ये १६०३ ते १८६८ हा एदो कालखंड मानला जातो. एदो म्हणजे आजचे तोक्यो. त्या काळी रात्र पडली की गल्लीबोळांतून एक बारीक शिट्टी ऐकू येई. हातात काठी घेतलेला अंध मर्दनकार गिऱ्हाईक शोधत फिरत असे. या मर्दनविद्येला जपानीत ‘आन्मा’ म्हणतात. ज्याचे अंग दुखत असेल, तो शिट्टी ऐकून त्याला घरात वा सरायीत बोलावून घेई.

३. मर्दन किती वेळ चालायचे? मिनिटांचा हिशेब तेव्हा नव्हताच. दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग पाडले जात, आणि ऋतुमानानुसार हे भाग लहानमोठे होत. त्यामुळे मोजमाप घड्याळाचे नव्हते, शरीराचे होते. ‘वर आणि खाली’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत, हे एक पूर्ण काम. एकोणिसाव्या शतकातील लेखक कितागावा मोरिसादा याने एदोतील त्याचा दर ४८ मोन असा नोंदवला आहे. सोबा शेवयांचा एक वाडगा तेव्हा साधारण १६ मोनला मिळे. थोडक्यात, एका पूर्ण मर्दनाचे मोल शेवयांचे तीन वाडगे.

४. हा मर्दनकार अगदीच निराधार नव्हता. अंध पुरुषांचा ‘तोदोझा’ नावाचा एक संघ होता. वीणेसारख्या बिवा वाद्यावर हेइके घराण्याच्या युद्धकथा गाणाऱ्या अंध गायकांमधून मध्ययुगात तो उदयास आला. पुढे संगीत, मर्दन व सूचिचिकित्सा हे त्याच्या सदस्यांचे मुख्य व्यवसाय झाले. शोगुनच्या राजवटीने संघाला मान्यता आणि संरक्षण दिले होते. स्त्रियांना मात्र त्यात स्थान नव्हते.

५. या संरक्षणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. संघात पदांची लांबलचक उतरंड होती आणि वरची पदे पैसे भरून मिळवावी लागत. ‘केंग्यो’ या सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचण्याचा एकूण खर्च ७१९ र्यो सांगितला जातो. एवढी सोन्याची नाणी ४८-४८ मोनांच्या कमाईतून साठणे अशक्यप्राय होते. संघातील धनिकांना सावकारी करण्याची मुभा होती आणि त्या कर्जवसुलीला राज्याचे पाठबळ होते. रात्री शिट्टी वाजवत हिंडणारा मात्र उतरंडीच्या तळाशीच राहिला.

६. तरीही या व्यवस्थेने एक मोठी गोष्ट साधली, ती म्हणजे शिक्षण. सुगियामा वाइची (१६१०–१६९४) हा स्वतः अंध सूचिचिकित्सक. नळीतून सुई टोचण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिचे श्रेय त्याला दिले जाते. शोगुन त्सुनायोशीवर त्याने उपचार केले. ‘काय हवे?’ असे शोगुनने विचारताच त्याने ‘एक डोळा’ मागितला आणि त्याला ‘एक डोळा’ असाही अर्थ निघणाऱ्या नावाची जमीन मिळाली, अशी आख्यायिका आहे. त्याने अंधांना मर्दन आणि सूचिचिकित्सा शिकवणाऱ्या शाळा उभ्या केल्या. युरोपात अंधांसाठी पहिली शाळा निघाली ती १७८५ च्या सुमारास, पॅरिसमध्ये. सुगियामाचे कार्य त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीचे.

७. १८७१ मध्ये नव्या मेइजी सरकारने तोदोझा बरखास्त केला. विशेषाधिकार गेले, सावकारी गेली. त्यांबरोबर गरीब सदस्याच्या डोक्यावरचे छत्रही गेले. डोळस मर्दनकारांची स्पर्धा वाढली. हा व्यवसाय अंधांनाच राखून द्यावा अशी मागणी विसाव्या शतकाच्या आरंभी जोर धरू लागली, पण ती मान्य झाली नाही. १९११ च्या नियमांनी सर्वांसाठीच परवाना सक्तीचा केला. अंधांसाठी परीक्षा तेवढी सोपी ठेवण्यात आली.

८. दरम्यान ही विद्या जपानी सत्तेबरोबर तैवान व कोरियात पोहोचली आणि तेथील अंधांच्या उपजीविकेचा आधार बनली. जपानने जे राखीवपण दिले नव्हते, ते या दोन्ही ठिकाणी पुढे कायद्याने आले. २००६ मध्ये कोरियाच्या न्यायालयाने ते रद्द ठरवताच सोलमध्ये तीव्र आंदोलन पेटले. काही अंध आंदोलकांनी मापो पुलावरून हान नदीत उड्या घेतल्या. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून राखीवपण पुन्हा आणले आणि २००८ मध्ये न्यायालयानेही ते उचलून धरले.

९. आता दोन्ही निकालांतील युक्तिवाद शेजारी ठेवून पाहा. कोरियाचे न्यायालय म्हणते, अंधांना दुसरा व्यवसाय जवळजवळ उपलब्धच नाही. हाही काढून घेतला तर ते जगणार कसे? तैवानचे न्यायाधीश म्हणतात, हा एकच व्यवसाय राखून ठेवल्याने अंधांच्या इतर क्षमतांकडे शासनाचे दुर्लक्ष होते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

१०. जपानने मधला मार्ग काढला. अंधांच्या उपजीविकेवर गदा येत असेल, तर डोळसांसाठीच्या नव्या मर्दनशाळांना परवानगी नाकारता येते, अशी तरतूद १९६४ मध्ये झाली. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पण ‘मर्दन’ हा शब्द टाळून ‘विश्रांतीसेवा’ विकणाऱ्या दुकानांना परवाना लागत नाही. ‘६० मिनिटे, २,९८० येन’ अशा पाट्या जपानी शहरांत सर्रास दिसू लागल्या. एके काळी शरीराने मोजले जाणारे काम आता मिनिटांनी विकले जाते, आणि त्या दराशी परवानाधारक अंध मर्दनकाराला झुंजावे लागते.

११. एखाद्या समूहासाठी एक व्यवसाय राखून ठेवणे हा आधार, की कुंपण? तोदोझाच्या तळाशी असलेल्या मर्दनकाराने काय उत्तर दिले असते? आपले मत जरूर लिहा. धागा समाप्त.