नकळत टिपलेली मुलं
हेलन लेविट बऱ्याचदा लायका कॅमेऱ्याला काटकोनी व्ह्यूफाइंडर लावायची. बघायचं एकीकडे, फोटो निघायचा दुसरीकडे! म्हणूनच १९४० च्या आसपासच्या न्यूयॉर्कमधली तिची मुलं खेळात इतकी गुंग दिसतात. १९४३ मध्ये 'मोमा'त त्यांचं प्रदर्शनही झालं. पण संशोधक म्हणून बघा: फोटोखाली बहुतेक वेळा नुसतं 'न्यूयॉर्क'. नाव नाही, वय नाही.

लुईस हाइन १९०८ पासून बालकामगारांना बहुधा समोर उभं करून फोटो काढायचा (कृत्रिम म्हणा हवं तर), पण जमेल तिथे नाव, वय, काम विचारून टिपून ठेवायचा. त्यावरून कित्येकांचं पुढचं आयुष्य नंतर शोधता आलं. लेविटच्या मुलांबाबत ती वाट जवळपास बंदच. तिथे कपडे, पायऱ्या, भिंतीवरची खडूची चित्रं वाचत बसावं लागतं.