सावळारामबाबा आणि आपल्या गळ्यातली माळ

॥ रामकृष्णहरी ॥

दिंडीची शंभर वर्षं म्हणजे शंभर वर्षं चाललेली माणसं. विणेकरी गेले, मृदंगी गेले, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या कितीतरी माउल्या गेल्या. त्यांच्या आठवणी या अंकात ज्याच्या त्याच्या घरचे लिहितीलच. पण मानपाडा आणि भोवतालच्या गावांतल्या वारकऱ्यांचा इतिहास सांगायला बसलं की एका माणसाला आधी दंडवत घालावा लागतो. ते म्हणजे वैकुंठवासी ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे. पाटीवर संत सावळाराम महाराज, घराघरात बाबा.

डोंबिवली पूर्वेला महापालिकेचं मोठं क्रीडासंकुल आहे, त्याला बाबांचं नाव आहे. तिथे रोज शेकडो मुलं खेळायला येतात. त्यातल्या एखाद्याला विचारा, हे सावळाराम महाराज कोण? बरीच मुलं नुसती बघत राहतात. दोष मुलांचा नाही. त्यांना सांगायचं काम आपलं होतं. म्हणून हा लेख.

बाबा आपल्यातलेच, आगरी समाजातले. त्यांचं मोठेपण कळायला त्या वेळची गावं डोळ्यांपुढे आणावी लागतात. मानपाडा, सोनारपाडा, सागाव, पिसवली, गोळवली, दावडी, काटई, निळजे ही सगळी भाताची गावं. आषाढात घाटावरची मंडळी माउलींच्या पालखीबरोबर निघतात, तेव्हा आपल्याकडची माणसं गुडघाभर चिखलात लावणी करत असतात. लावणी चुकली की वर्षाचं भात गेलं. म्हणून कोकणपट्टीचा ओढा कार्तिकीकडे. कापणी उरकायची, भारे खळ्यावर आणायचे आणि मग घाट चढून कार्तिक वद्यात माउलींच्या संजीवन समाधीच्या सोहळ्याला आळंदी गाठायची. "आषाढीला का येत नाही?" असं कोणी विचारलं तर आपल्या म्हाताऱ्यांना उत्तर शोधावं लागत नसे. पाय चिखलात आणि जीव पंढरीत, हीच आपली आषाढी.

वारी सोपी नव्हतीच, पण माळ त्याहून अवघड होती. घाटावरच्या शेतकऱ्याला माळ घालताना काय सोडावं लागतं आणि आपल्याकडच्याला काय सोडावं लागतं, यात फरक आहे. आपल्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुकट आणि सुके बोंबील. पाहुणा आला की मासळीचं कालवण, सणाला मटण, आणि मांडवात दारू नसेल तर पाहुणचार झाला असं कोणी मानत नसे. अशा घरात एकाने माळ घातली की त्याचं ताट वेगळं. काही घरांत भांडी वेगळी, चूलसुद्धा वेगळी. घरातली बाई दोन स्वयंपाक करायची, एक माळकऱ्याचा, एक बाकीच्यांचा. माळ बाप्याच्या गळ्यात असली तरी तिचा भार बाईनेही उचलला, हे या शंभर वर्षांच्या इतिहासात लिहून ठेवायलाच हवं.

अशा समाजापुढे बाबा कीर्तनाला उभे राहिले. कीर्तनकाराच्या हातात दुसरं असतं तरी काय? मागे टाळकरी, बाजूला मृदंग, गळ्यात वीणा आणि समोर आपलीच माणसं. व्यसन सोडा, लग्नाच्या खर्चाला आवर घाला, पोरांना शिकवा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. ऐकायला साधं वाटतं. पण आगरी मांडवात हळदीच्या रात्री उभं राहून दारू नको म्हणणं म्हणजे भावकीचा, सोयऱ्यांचा राग ओढवून घेणं. परक्याने सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. बाबांचं ऐकलं, कारण ते आपल्यातले होते. त्यांना आपली भूक आणि आपला हट्ट, दोन्ही ठाऊक होते.

याच काळात गावांखालची जमीन सरकायला लागली. साठच्या दशकात डोंबिवलीला एमआयडीसी आली आणि शेतं कारखान्यांत गेली. 1983 साली महापालिका झाली, आपली सत्तावीस गावं तिच्यात घातली. 2002 साली ती बाहेर काढली, 2015 साली पुन्हा आत घेतली. बांध गेले, इमारती आल्या. जमिनीचे पैसे आले आणि त्यांच्याबरोबर कोर्टाच्या तारखाही आल्या. सातबाऱ्यावरच्या नावावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले, हक्कसोडीच्या सहीवरून बहिणींचं माहेर तुटलं. नावं घ्यायची गरज नाही, प्रत्येक गावात अशी चार घरं आहेत.

दिंडीने आणि सप्ताहाने काय राखलं ते इथे दिसतं. सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. आता पहाऱ्याच्या यादीत दोन भांडलेले भाऊ एकामागे एक लागले तर? वकिलामार्फत बोलणारी माणसं तिथे एकमेकांच्या पायाला हात लावतात. दावा त्याने मिटतोच असं नाही. पण ज्याच्या पाया पडलो त्याच्या अंगावर दुसऱ्या दिवशी धावून जाताना माणूस एकदा तरी थांबतो. कीर्तनात सांगितलेलं अंगी उतरतं ते असं, हळूहळू.

आज शिळ रस्त्याने रात्री जाऊन बघा. लग्नसराईत हळदीचे मांडव दिव्यांनी लखलखतात, डीजेने खिडक्या हादरतात. एका रात्रीत बापाच्या वर्षाच्या कमाईएवढा पैसा जातो. धवला गाणाऱ्या धवलारीण बाईचा आवाज त्या गोंगाटात ऐकू येत नाही. बाबांनी ज्याविरुद्ध सांगितलं ते संपलेलं नाही. उलट हातात पैसा आल्यावर वाढलं आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. त्याच गावांत काकडा चालू आहे, हरिपाठाला पोरं बसतात, आणि काही घरांनी हळद बिनदारूची करून दाखवली आहे. त्या घरांची पहिल्यांदा चेष्टा झाली, नंतर लोक त्यांची उदाहरणं द्यायला लागले.

बाबांची आठवण कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न आहे. संकुलावर नाव आहे, ते असू द्या. सरकारने मान दिला, चांगलंच झालं. पण पाटी रंगवायला माणूस पगारावर मिळतो. माळ मात्र ज्याची त्यालाच सांभाळावी लागते. शंभराव्या वर्षी दिंडीने मोठा मंडप घातला, मिरवणूक काढली आणि पुढच्या महिन्यात आपल्याच घरच्या हळदीत पिंपं उघडली, तर बाबांना आपण फक्त पाटीवर ठेवलं असं होईल.

म्हणून माउलींनो, एकच मागणं. या वर्षी आपल्या दिंडीतल्या प्रत्येक घराने एक गोष्ट करावी. ज्यांच्या घरी लग्न असेल त्यांनी हळद बिनदारूची करावी. ज्यांचं भावाशी बोलणं नाही त्यांनी पहाऱ्याच्या यादीत आपलं नाव त्याच्या नावाखाली घालायला सांगावं. आणि संकुलात खेळायला जाणाऱ्या नातवाला एका संध्याकाळी जवळ बसवून सांगावं, बाळा, ज्यांच्या नावाच्या मैदानात तू धावतोस ते आपले बाबा होते.

॥ रामकृष्णहरी ॥