मीठ, बर्फ आणि मासळीचा भाव

मासळी ही फार थोडा वेळ थांबणारी दौलत आहे. शेतकऱ्याचे भात कणगीत दोन महिने पडून राहू शकते; भाव उतरला तर तो थोडा दम धरतो. समुद्रावरून परतलेल्या कोळ्याला ती सवड नसते. दुपार कलली की पापलेटाचे डोळे आत जातात आणि त्यांच्याबरोबर भावही खाली जातो. कोकण किनाऱ्यावरील मासेमारीचा इतिहास बहुधा होड्यांचा आणि जाळ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो मुख्यतः मासळी टिकवण्याच्या साधनांचा इतिहास वाटतो. ज्याच्या हाती ते साधन, त्याच्या हाती भाव, असेच आजवर घडत आले आहे.

पहिले साधन ऊन आणि मीठ. उत्तर कोकणच्या कोळ्याला येथे निसर्गाने हात दिला. भरती-ओहोटीच्या ओढीत डोल लावून धरलेला बोंबील हा पाणचट मासा. वलांडीवर, म्हणजे वाशांना ताणलेल्या दोऱ्यांवर, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगले की ऊन आणि वारा आपले काम करतात. मीठ लागत नाही. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा येथील सुका बोंबील त्यामुळेच दूरवरच्या बाजारांत पोहोचू शकला. रत्नागिरी-मालवणकडचा बांगडा मात्र तेलकट. तो मिठावाचून टिकत नाही, आणि मीठ तर सरकारी कराखाली. १८८८ साली हा कर मणामागे अडीच रुपये झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे स्मरण करताना आपल्या डोळ्यांपुढे गरिबाच्या ताटातील चिमूटभर मीठ येते, आणि ते योग्यच आहे. परंतु मासळी खारवणाऱ्याला चिमूट नव्हे, पोती लागत.

सरकारला ही अडचण दिसत नव्हती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी सरकारी आवारे उभारण्यात आली. तेथे मासळी आणावी, सवलतीचे मीठ घ्यावे आणि अधिकाऱ्याच्या देखत ती खारवावी, अशी ती व्यवस्था होती. सवलत देणारा एक आणि तिचा गैरवापर होईल म्हणून धास्तावलेला दुसरा, असे दोन कारकून एकाच खुर्चीत बसलेले त्या व्यवस्थेत दिसतात. शासकीय सेवेतील माणसाला हे दृश्य परके वाटू नये!

कोळ्याला खरा आधार होता तो व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेचा. होडीसाठी, सुतासाठी, पावसाळ्यातील घरखर्चासाठी तो पैसे देई. मोबदल्यात मासळी त्यालाच घालावी लागे, आणि तीही बहुधा त्याने ठरवलेल्या भावाने. व्याज कागदावर दिसत नसे, ते भावात वसूल होई. १९१२ च्या सहकारी कायद्याने पतपेढ्यांखेरीज अन्य सहकारी संस्थांनाही वाट मोकळी केली, आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यात कर्ला येथे मच्छीमारांची संस्था निघाली. भारतातील मच्छीमारांची ती पहिली सहकारी संस्था मानली जाते.

या प्रयत्नाला भरदार रूप आले ते सातपाटीस. पालघरजवळचे हे कोळ्यांचे गाव पापलेटासाठी प्रसिद्ध. १९४० च्या दशकात तेथे निघालेल्या संस्थांनी कोळ्याला केवळ कर्ज दिले नाही. बर्फ, तेल आणि जाळ्यांचे सामान त्यांनी पुरवले. सभासदांचे पापलेट आकारमानाप्रमाणे निवडून एकत्र विकले. बर्फ संस्थेचा असल्यामुळे सौद्याच्या वेळी कोळ्याला प्रथमच थोडे थांबता आले. माझ्या मते सातपाटीचे यश एवढ्या एका गोष्टीत आहे.

परंतु स्वातंत्र्यानंतर धंद्याचे गणितच पालटले. सुताच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आले, शिडाच्या जागी डिझेलचे इंजिन आले. वारा फुकट होता. डिझेल फुकट नाही. पूर्वी रिकाम्या हाताने परतणाऱ्या होडीचे श्रम वाया जात, आता श्रमांबरोबर भांडवलही जाते. १९५२ साली नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्याशी झालेल्या करारातून केरळात यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. पुढे कोळंबीला परदेशांत मिळणारा भाव पाहून समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर वाढत गेले. १८७५ साली बांधलेल्या मुंबईच्या ससून गोदीत एके काळी कापूस चढत-उतरत असे. तेथे आता मासळीचे लिलाव होतात.

समुद्र मात्र तेवढाच राहिला. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. १९९१ च्या खोल समुद्रातील मासेमारीच्या धोरणाने परकीय जहाजांना भागीदारीत वाट दिली, तेव्हा देशभरचे मच्छीमार एकत्र उभे राहिले. मुरारी समितीने १९९६ साली त्यांची बाजू बऱ्याच अंशी उचलून धरली. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली राज्याने निर्बंध घातले. प्रखर विद्युत् दिव्यांनी मासळी ओढून घेण्यास २०१७ साली केंद्राने बंदी केली. नियम चांगले आहेत, पण समुद्रावर पहारा ठेवणे हे कागदावर सही करण्याइतके सोपे नाही. मत्स्यव्यवसायाला दिल्लीत स्वतंत्र विभाग मिळाला तोच मुळी २०१९ साली. तोवर पापलेटाची चिंता गाई-म्हशींच्या खात्यातच वाहिली जात होती.

२०२३ साली रुपेरी पापलेट राज्याचा मासा म्हणून घोषित झाला. हा मान त्याला मिळाला तो तो दुर्मिळ होत चालला म्हणून. पूर्ण वाढ होण्यापूर्वीच लहान पापलेट जाळ्यात येते. लहान मासा कमी भावाने जातो, हे धरणाऱ्यालाही ठाऊक असते. सोडून दिला तर पुढच्या वर्षी तोच चौपट मोल देईल, हेही ठाऊक असते. पण पुढच्या वर्षी तो आपल्याच जाळ्यात येईल याची हमी नसते, आणि हप्ता तर याच महिन्याचा असतो. पूर्वी मेलेली मासळी कोळ्याला थांबू देत नव्हती. आता कर्ज त्याला जिवंत मासळीसाठीही थांबू देत नाही. सातपाटीच्या संस्थेने बर्फाच्या बळावर काही तासांची सवड मिळवली होती. ही सवड वर्षाची आहे, आणि ती एका गावाच्या संस्थेला पेलणारी नाही, कारण सातपाटीने सोडलेले पापलेट शेजारच्या बंदराची होडी धरू शकते.

राज्याने २०२५ साली मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्यामुळे शेतकऱ्याप्रमाणे सवलतीचे कर्ज आणि विजेचा दर मिळण्याची वाट निघाली आहे. दरम्यान डहाणूजवळ वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली, आणि आपली मासेमारीची जागा जाईल या भीतीने किनाऱ्यावरील कोळी विरोधात उभे आहेत. पावसाळी बंदीचे एकसष्ट दिवस संपले की होडीत जाळ्याच्या आधी बर्फ आणि डिझेल चढते, आणि ते बहुधा उधारीवर.