एका केबलचं वेटोळं

मार्चअखेरची दुपार. अकाउंट्समध्ये आकडेमोड ऐन भरात होती आणि अचानक सगळ्या ऑफिसचं नेटवर्क बसलं. इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, सर्व्हरवरच्या फाइल्स नाहीत. दोन तासांनी कारण सापडलं. टेबलाखाली लोंबणारी एक केबल कुणीतरी जवळच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचली होती, आणि तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. तो स्विच मीच निवडला होता, चोवीस पोर्ट आणि कमी किंमत एवढंच बघून.

नवा घ्यायचं ठरलं तेव्हा म्हटलं, ही पेटी मुळात आली कुठून ते तरी आधी बघू.

सुरुवातीला पेटी नव्हतीच. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटचं टिपण लिहिलं. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं. एकच केबल, सगळे संगणक तिलाच जोडलेले, वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. दोघं एकदम बोलले की संदेश एकमेकांवर आदळायचे. मग दोघांनी कमीजास्त वेळ थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

पुढे हब आला. प्रत्येकाला स्वतंत्र वायर मिळाली, पण हब एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकवायचा. माणसं वाढली की गोंधळ तेवढाच.

यावरचा उपाय १९९० मध्ये बाजारात आला आणि तो आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं चक्क ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचा इथरस्विच कोणता संगणक कोणत्या पोर्टवर आहे हे लक्षात ठेवायचा आणि संदेश फक्त तिथेच पोचवायचा. एकाच वेळी अनेक जोड्या बोलू लागल्या. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

पण एक अडचण उरतेच. पत्ता माहीत नसेल किंवा संदेश सगळ्यांसाठी असेल, तर स्विचही तो सगळीकडे पाठवतो. वाटेत वेटोळं असेल तर तो संदेश फिरतच राहतो, कारण इथरनेटच्या संदेशाला ‘आता थांब’ म्हणणारी मुदत नसते. क्षणात त्याच्या असंख्य प्रती होतात. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

स्विचच्या आधी ब्रिज नावाचं यंत्र होतं, त्यालाही हाच धोका होता. १९८५ मध्ये डेक कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी त्यावर ‘स्पॅनिंग ट्री’ शोधली. यंत्रं आपसात बोलून जादा वाटा बंद ठेवतात आणि चालू वाट तुटली तरच त्या उघडतात.

तिलाही मर्यादा आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचं नेटवर्क कोसळलं. गरज पडेल तसं ते वाढवत नेलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्विच ही शिफारस केलेली मर्यादा, ती केव्हाच ओलांडली गेली होती. डॉक्टर-नर्सना काही दिवस कागद-पेनावर काम करावं लागलं.

हे वाचल्यावर माझा प्रश्नच बदलला. पोर्ट किती, वेग किती हे विचारायचंच, पण त्याआधी विचारायचं : कुणाच्या हातून चूक झाली तर हा स्विच काय करेल?

मी मॅनेज्ड स्विच घेतला. किंमत दुपटीहून जास्त होती, साहेबांना पटवायला आठवडा गेला. स्पॅनिंग ट्री चालू असल्याची खात्री केली. टेबलांखालचे छोटे स्विच काढले आणि कोणती केबल कुठे जाते याचा नकाशा कपाटाच्या दाराला चिकटवला.

शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर एका केबलची दोन्ही टोकं मुद्दाम त्यात खोचली. स्विचने त्यातला एक पोर्ट बंद ठेवला. बाकी सगळं चालू होतं.