ग्रामीण महाराष्ट्रातील बालन्यूमोनिया आणि डॉक्टरचा शोध : गडचिरोलीच्या प्रयोगाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. न्यूमोनियाच्या बाबतीतही तसेच घडले आहे. रेने लेनेक याने १८१६ मध्ये पॅरिस येथे स्टेथोस्कोप तयार केला व १८१९ च्या ग्रंथात छातीतील आवाजांवरून फुप्फुसाचे विकार ओळखण्याची पद्धत मांडली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. १९३८ मध्ये 'एम अँड बी ६९३' हे सल्फा गटातील औषध आले आणि पुढील दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाले. या टप्प्यानंतर न्यूमोनिया हा बरा होऊ शकणारा आजार ठरला. तथापि, तो कोणासाठी बरा होऊ शकणारा ठरला, हा प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारला जातो. औषध स्वस्त होते, आजार जुना होता. ते औषध वेळेवर देणारा माणूस मात्र गावात नव्हता. प्रस्तुत लेखात गडचिरोली जिल्ह्यातील एका प्रयोगाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

डॉक्टरांची वाटणी

१९४६ च्या भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर असल्याची नोंद केली. हे प्रमाणही सरासरीचे होते. डॉक्टर शहरांत एकवटलेले होते. त्याच सुमारास राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीने दर हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा, अशी सूचना केली होती. या उपसमितीचे अध्यक्ष साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते, ही बाब महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, परंतु सोखी समितीची सूचना बराच काळ कागदावरच राहिली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या शासकीय योजनेने गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ता प्रत्यक्षात आणला; मात्र त्या योजनेचा जोर लवकरच ओसरला.

स्वयंसेवी क्षेत्रात याहून अधिक काही घडत होते. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून जामखेड येथे अल्पशिक्षित व निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे काम शिकविले. पंजाबातील नारंगवाल प्रकल्पात सहायक आरोग्यसेविकांनी लहान मुलांच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन देऊन मृत्यू कमी करता येतात, हे १९७० च्या दशकात दिसून आले. गडचिरोलीच्या प्रयोगाची पार्श्वभूमी अशी तयार झाली होती.

गडचिरोली : अंतर हेच कारण

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दाट जंगल, विरळ वस्ती आणि पावसाळ्यात नाले भरले की तुटणारे रस्ते, अशा या प्रदेशात 'जवळचा डॉक्टर' या शब्दांना फारसा अर्थ नव्हता. बालन्यूमोनियाचे वैशिष्ट्य असे की तो थांबत नाही. खोकला आणि ताप यांच्यापासून फासळ्या आत ओढल्या जाण्यापर्यंतचा प्रवास तान्ह्या बाळात एक-दोन दिवसांतही होतो. बैलगाडी मिळेपर्यंत, मजुरी सुटेपर्यंत किंवा पूर ओसरेपर्यंत वाट पाहणे त्या बाळाला परवडत नाही. आजार ओळखण्याचे लोकज्ञान नव्हते असेही नाही. धाप लागलेल्या, पोट उडणाऱ्या बाळाला 'डबा' झाला, असे मराठी घरांत म्हटले जाई. म्हणजे लक्षण आईला दिसत होते. त्यावर डागणीसारखे उपाय होत, कारण दुसरा उपाय हाताशी नव्हता. अशा मृत्यूंची कारणे नेहमी 'अज्ञान' या एका शब्दात गुंडाळली जातात, ते न्याय्य वाटत नाही.

अभय व राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास 'सर्च' या संस्थेमार्फत येथे काम सुरू केले. बालमृत्यूंच्या नोंदींवरून न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण असल्याचे स्पष्ट झाल्यावर १९८८ मध्ये न्यूमोनिया नियंत्रणाचा क्षेत्रीय प्रयोग हाती घेण्यात आला. निमवैद्यकीय कर्मचारी, ग्राम आरोग्य कार्यकर्ते आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे तोंडावाटे घ्यावयाचे औषध देण्यास शिकविण्यात आले. याच्या जोडीला गावागावांत लोकशिक्षण झाले.

श्वास मोजणे

येथे खरा प्रश्न निदानाचा होता. स्टेथोस्कोप ऐकून न्यूमोनिया ओळखणे हे वैद्यकीय महाविद्यालयातील काही वर्षांच्या शिक्षणाचे फळ. ते सुइणीला कसे देणार? याचे उत्तर दूरच्या एका डोंगराळ प्रदेशातून आले. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे काम करणाऱ्या फ्रँक शान व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की खोकला असलेल्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० हून अधिक असेल, तर न्यूमोनियाची शक्यता मानून उपचार सुरू करावेत. छातीतील आवाज ऐकण्याची गरज उरली नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरविल्या : दोन महिन्यांखालील बाळास ६०, दोन ते अकरा महिन्यांच्या बाळास ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलास ४० किंवा त्याहून अधिक श्वास.

परंतु ज्या सुइणीला पन्नासपर्यंत सलग मोजणे जमत नाही आणि जिच्याजवळ घड्याळ नाही, तिचे काय? गडचिरोलीत यासाठी 'श्वासमापक' तयार झाला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी, एवढेच ते साधन. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. बाळाच्या वयानुसार मण्यांच्या ओळी वेगळ्या. दहापर्यंतची मोजणी बोटांवर होते, ती प्रत्येक सुइणीला येत होतीच. शेकडो बाळंतपणे केलेल्या स्त्रीच्या हाताला आणि नजरेला जे आधीपासून ठाऊक होते, त्याला या साधनाने एक निश्चित मर्यादारेषा दिली. स्टेथोस्कोपच्या इतिहासाइतकेच या मण्यांनाही वैद्यकाच्या इतिहासात स्थान मिळावयास हवे.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते; तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के, म्हणजे सात-आठ आजारी मुलांमागे एक मृत्यू. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू प्रयोगक्षेत्रात ८.१ आणि तुलनाक्षेत्रात १७.५ होते. या आकड्यांकडे आरोग्यशास्त्राचा अभ्यासक यश म्हणून पाहील. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दुसरा आकडा अधिक बोलका वाटावा, कारण तो नेहमीची शासकीय सेवा मिळणाऱ्या गावांचा आहे. प्रयोग नसलेल्या महाराष्ट्रातील बहुसंख्य दुर्गम गावे त्याच बाजूला होती.

अधिकाराचा प्रश्न

प्रतिजैविक लिहून देण्याचा अधिकार कोणाचा? महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये वैद्यक व्यवसाय नोंदणीकृत व्यक्तीपुरता मर्यादित आहे. नोंदणीचा हेतू रुग्णाला भोंदूंपासून वाचविण्याचा आहे आणि तो रास्तच होय. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर झाल्यास जंतू औषधाला दाद देत नाहीत, हा आक्षेपही खोटा नाही. परंतु डॉक्टर जेथे पोहोचतच नाही, तेथे हा कायदा रुग्णाला संरक्षण देतो की केवळ रिकामी जागा राखून ठेवतो, हे पाहावे लागते. शिवाय श्वास मोजून औषध देणारी सुईण ठरलेल्या मर्यादेखालच्या खोकल्याला प्रतिजैविक देत नव्हती. शहरी दवाखान्यांतून साध्या सर्दीवर लिहिल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांच्या तुलनेत ही शिस्त कमी म्हणता येणार नाही.

मोठ्यांच्या न्यूमोनियातही वैद्यकशास्त्र काही अंशी याच दिशेने गेले, हे जाता जाता नमूद करावयास हवे. २००३ मध्ये मांडलेल्या 'कर्ब-६५' या मोजपट्टीत रुग्णाला घरी ठेवावे की रुग्णालयात पाठवावे हे ठरविताना गोंधळलेली मनःस्थिती, रक्तातील युरिया, रक्तदाब आणि वय यांबरोबर मिनिटाला ३० वा अधिक श्वास हा निकष आहे. युरियाची तपासणी वगळून तिचे जे रूप वापरतात, त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. मात्र वयस्क रुग्णाला क्षयरोग, हृदयविकार किंवा मधुमेह असू शकतो; तेथे फिजिशियनला पर्याय नाही.

धोरणाच्या पातळीवर केंद्र शासनाने १९९० मध्ये निवडक जिल्ह्यांत तीव्र श्वसनमार्ग संसर्ग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला व १९९२ पासून तो माता-बाल आरोग्याच्या व्यापक कार्यक्रमात समाविष्ट झाला. २००५ मध्ये 'आशा' आल्या. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तोंडावाटे द्यावयाच्या अमॉक्सिसिलिनला पहिली पसंती दिली आणि छाती आत ओढली जात असली तरी इतर धोक्याची लक्षणे नसलेल्या मुलावर घरी उपचार करण्यास मान्यता दिली. न्यूमोकोकल लस २०१७ मध्ये काही राज्यांत व २०२१ पासून देशभर नियमित लसीकरणात आली.

नवजात बाळांचा प्रश्न मात्र वेगळ्या वळणाने गेला. १९९५ पासून गडचिरोलीतील ३९ गावांत 'आरोग्यदूत' स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शनही दिले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये देशभर स्वीकारलेल्या गृहाधारित नवजात काळजीच्या कार्यक्रमात आशांना घरभेटी, वजन, तापमान आणि संदर्भसेवा ही कामे मिळाली, इंजेक्शन मिळाले नाही. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते विशिष्ट परिस्थितीत देण्याची मुभा उपकेंद्रातील परिचारिकेला, म्हणजे एएनएमला दिली. एका उपकेंद्राखाली अनेक गावे येतात आणि पावसाळ्यात नाला भरला की तिलाही पलीकडच्या गावात जाता येत नाही.